सेक्टर एकमधले बेकायदा रहिवासी

पानिपतला उतरलेला मराठी माणूस काला आम बघायलाच आलेला असणार, हे तिथल्या रिक्षावाल्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. माझं हिंदी ऐकून 'महाराष्ट्र से?' एवढंच विचारलं गेलं आणि उत्तराची वाट न बघता रिक्षा वळली. मीही काही बोलले नाही. 14 जानेवारी 1761 च्या त्या रणभूमीवर आता बाग आहे, स्मारक आहे, सावलीत बसलेली कॉलेजची पोरं आहेत. नमस्कार केला, चपला चढवल्या आणि म्हटलं, 'आता चिंध्यांच्या कारखान्यात घेऊन चला.' रिक्षावाल्यानं मान पूर्ण मागे वळवून माझ्याकडे बघितलं. मराठी पाहुण्यांकडून ही फर्माईश त्याला नवीन असावी.

मला खरं तर चंदीगडला जायचं होतं. नेकचंद सैनी या माणसानं फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे आणि शिंप्यांकडच्या कातरणातून उभ्या केलेल्या रॉक गार्डन नावाच्या दुनियेची चित्रं मी बरीच वर्षं मासिकांतून बघत होते. सिमेंटच्या मूर्ती सगळ्यांना माहीत असतात. त्यांनी कापडाच्या बाहुल्याही केल्या होत्या, आणि त्या बघायची मला जास्त ओढ होती. पण दिल्लीहून चंदीगडला जाताना वाटेत पानिपत लागतं, आणि जगानं अंगावरून उतरवलेले कपडे जिथे येऊन पडतात ते गाव ओलांडून पुढे जाणं मला बरं वाटेना.

अमेरिका-युरोपातून कोणी दान केलेले, कोणी नुसतेच टाकलेले कपडे गठ्ठे बांधून जहाजानं गुजरातच्या बंदरात उतरतात आणि तिथून ट्रकनं इथे येतात. चिंध्या म्हणून येणाऱ्या मालाला एक अट असते. कपडा कापलेला हवा. अंगात घालण्याजोगा कपडा चिंध्यांच्या भावात देशात आला तर इथला कापडधंदा बसेल, म्हणून हा नियम. त्यामुळे गठ्ठा फोडला की आतून पाठीवर उभा चिरलेला कोट निघतो, एका बाहीचा स्वेटर निघतो, शाळेच्या बिल्ल्यासकट अर्धा ब्लेझर निघतो.

शेडमध्ये शिरल्यावर आधी रंग दिसतात. लालचा ढीग, निळ्याचा ढीग, करड्याचा, काळ्याचा, छपरापर्यंत गेलेले. रंगांची वाटणी इतकी काटेकोर असण्याचं कारण साधं आहे: लाल कपड्यांपासून लाल सूत आणि निळ्यांपासून निळं निघालं की पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचतो. ढिगांमध्ये बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या पुढ्यात लाकडात रोवलेलं उभं पातं. कोट पात्यावर ओढायचा; अस्तर एकीकडे, बटणं दुसरीकडे, चेन तिसरीकडे, कंपनीची पट्टी फेकून. हात इतके सरावलेले की कोटाचा कोटपणा जायला मिनिटही लागत नाही. मेघना गुप्ता यांनी 2012 साली 'अनरॅव्हल' हा माहितीपट इथल्याच कामगार बायकांवर केला. त्यात त्या बायका तर्क लढवतात, की तिकडे पाणी फार महाग असणार, म्हणून ते लोक कपडे धुण्याऐवजी टाकूनच देतात. मला भेटलेल्या बाईचा तर्क वेगळा होता. सोनेरी बटणांचा लहान मुलाचा कोट माझ्यासमोर धरून ती म्हणाली, 'बच्चा बडा हो गया होगा. छोटा भाई नहीं होगा उसका.' मग तिनं बटणं तोडली, बटणांच्या ढिगात टाकली आणि कोट पात्यावर ओढला.

पुढचं काम यंत्राचं. दात्यांच्या फिरत्या रुळांमध्ये कापड जातं, फाटतं, पिंजलं जातं आणि दुसऱ्या टोकाला ज्याला कोट आठवत नाही असा लोकरीचा पुंजका बाहेर येतो. त्याचं सूत, सुताचं कांबळं. इंग्लंडमधल्या बॅटली गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं 1813 साली ही युक्ती काढली. तिकडच्या गिरण्या बंद पडल्यावर धंद्याचं बस्तान इकडे बसलं. भूकंप झाला, पूर आला की मदतीच्या ट्रकांमधून वाटली जाणारी खरखरीत कांबळी बहुतेक पानिपतची असतात. अलीकडे पॉलिएस्टरच्या गुबगुबीत ब्लँकेटांनी त्यांना मागे रेटलंय, पण धंदा चालू आहे. हवेत तंतू इतके की बाहेर आल्यावर रिक्षावाल्यानं माझ्या केसांकडे बोट दाखवून हसून घेतलं.

ते कांबळं एखाद्या उघड्या पडलेल्या माणसाला ऊब देतं, त्यामुळे पानिपतवर नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण तिथे वस्तूला दुसरा जन्म हवा असेल तर पहिला पुरता विसरावा लागतो. संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं.

चंदीगड हे आधी कागदावर झालं आणि मग जमिनीवर. फाळणीत लाहोर गेलं, भारताच्या वाट्याच्या पंजाबला राजधानी उरली नाही. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांचा. 1950 मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि 1951 पासून सूत्रं ल कॉर्ब्युझिएकडे आली. 1200 मीटर बाय 800 मीटरचे सेक्टर, त्यांना नावाऐवजी आकडे, सात प्रकारचे रस्ते. पत्ता विचारावा लागत नाही, गणित करावं लागतं. सकाळी चालताना शहर फार सुखाचं वाटतं. झाडं रांगेत, सावली मुबलक, हॉर्न कमी. तरी एक गोष्ट मला सारखी जाणवत राहिली. या शहराच्या अंगावर आधीचं काहीच दिसत नाही. कागद कोरा नव्हता. 20 हून जास्त गावं उठवून ही जमीन मोकळी केलेली आहे. घरं, विहिरी, चुली, कोनाडे, शाळा, सगळं पाडलं आणि राडारोडा वाहून नेला. वर शहर बांधणाऱ्यांनी स्वतः मागे टाकलेला माल वेगळाच: फुटलेल्या फरश्या, तडकलेली बेसिनं, रिकामी डांबराची पिंपं.

शहरासाठी कॉर्ब्युझिएनं एक जाहीरनामाही करून ठेवला होता. त्यात एक कलम पुतळ्यांबद्दल आहे. व्यक्तींचे पुतळे या शहरात आणि इथल्या बागांमध्ये उभारायचे नाहीत. कोणाची आठवण ठेवायचीच असेल तर ब्राँझची पाटी लावा. चौकाचौकात पुतळे आणि पुतळ्यांवरून तंटे बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे कलम एकदम पटतं. गंमत अशी, की या माणसानं विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय जिथे उभारलं त्याच सेक्टर एकमध्ये, हाकेच्या अंतरावरच्या झाडीत, रात्री टायर जाळून त्याच्या उजेडात एक सरकारी नोकर पुतळ्यांचं गाव वसवत होता.

नेकचंद 1924 साली शकरगढ तालुक्यातल्या बरियां कलां गावी जन्मले. फाळणीच्या रेषेनं ते गाव पाकिस्तानात टाकलं आणि सैनी कुटुंब इकडे आलं. 1951 मध्ये त्यांना नव्या राजधानीच्या कामावर रस्ते-निरीक्षकाची नोकरी लागली. दिवसभर दुसऱ्याच्या आराखड्यातले रस्ते मोजायचे. 1958 च्या आसपास त्यांनी सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात एक जागा साफ केली. तिथे बांधकामाला मनाई होती, आणि म्हणूनच तिथे कोणी फिरकत नव्हतं. सुखना, घग्गर आणि पटियाली की राव या नद्यांच्या पात्रांतून माणसासारखे, पक्ष्यासारखे दिसणारे दगड निवडून ते सायकलवरून तिथे आणत. मग पाडलेल्या गावांमधला आणि बांधल्या जाणाऱ्या शहरातला माल येऊ लागला. गोळा करण्यातच कितीतरी वर्षं गेली. 1965 च्या ऑगस्टमध्ये कॉर्ब्युझिए भूमध्य समुद्रात पोहताना वारला, तेव्हाही हे काम झाडीत चालूच होतं.

सत्तरच्या दशकात सरकारला पत्ता लागला तेव्हा सुमारे 12 एकर पसारा झाला होता. कायद्यानं सगळं जमीनदोस्त व्हायला हवं होतं. पण बातमी शहरभर झाली, लोक बघायला लोटले, एम. एस. रंधावांसारखे जाणते अधिकारी पाठीशी उभे राहिले आणि 24 जानेवारी 1976 ला ही अतिक्रमित जागा रीतसर सार्वजनिक बाग म्हणून खुली झाली. सरकारनं नेकचंदना 'उपविभागीय अभियंता, रॉक गार्डन' असं पद दिलं, पगार दिला आणि 50 मजूर दिले. नोकरशाहीच्या इतिहासात असं पद दुसरं नसेल. 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. बाग वाढत वाढत 40 एकरांवर गेली. 12 जून 2015 ला, वयाच्या नव्वदीत, ते वारले.

आता बागेत.

तिकीट काढून आत गेलं की पहिलं दार वाकायला लावतं. पुढचंही. नेकचंदनी दारं मुद्दाम बुटकी ठेवलेली आहेत. माझ्यापुढे सहा फुटी पंजाबी तरुणांचा एक घोळका होता. ते दर दाराशी खाली वाकत होते आणि पलीकडे जाऊन एकमेकांच्या टकरा बघून हसत होते. वाट अरुंद आहे, दोन्हीकडे उंच भिंती, आणि पुढचं अंगण वळण घेईपर्यंत दिसत नाही. सरळ रेघांच्या शहरात राहणाऱ्या माणसानं एकही सरळ रेघ ठेवायची नाही असं ठरवूनच काम केलेलं दिसतं. पहिल्या भागात नुसते दगड आहेत. चौथऱ्यांवर मांडलेले, नदीनंच घडवलेले. माणसाचा हात फक्त त्यांना उभं करण्यापुरता लागलेला. पाटी नाही, नाव नाही. ज्याला जे दिसेल ते.

मग भिंती बोलायला लागतात. एक भिंत विजेच्या पांढऱ्या चिनी मातीच्या सॉकेटांची आहे, शेकडो, ओळीनं बसवलेली. एक फुटक्या मडक्यांची. कुठे बेसिनचे आणि संडासाच्या भांड्यांचे तुकडे असे जडवलेत की लांबून संगमरवर वाटावा. जवळ गेलं की कंपनीचा निळा शिक्का दिसतो आणि माणूस फिस्सकन हसतो. डांबराची पिंपं साचे म्हणून वापरून ओतलेले खांब आहेत; पिंपाच्या वळ्या सिमेंटवर तशाच राहू दिल्यात. इथे काहीच घासूनपुसून लपवलेलं नाही, हे माझ्या ध्यानात यायला लागलं ते या भिंतींपाशी.

आणि मग ती माणसं. उतारावर, पायऱ्यांवर, कठड्यामागे, रांगाच रांगा. डोक्यावर घडा घेतलेल्या बायका, वाजंत्री, नाचणाऱ्या, नुसतेच उभे असलेले म्हातारे, माकडं, अस्वलं, मोर, म्हशी. उंची कमरेएवढी किंवा त्याहून थोडी जास्त. चेहरे बहुतेक सारखे: भुवया, नाक, मिटलेलं तोंड. राग नाही, हसू नाही. आईकडून ऐकलेल्या राजाराण्यांच्या गोष्टींतून त्यांच्या डोक्यात एक राज्य होतं, त्याला ते सुकरानी म्हणत. पण ही प्रजा दरबारातली वाटत नाही. घाईत गाव सोडावं लागलेल्या आणि आता कुठेतरी थांबवून ठेवलेल्या लोकांची वाटते. हे मी फाळणीची गोष्ट माहीत असल्यामुळे म्हणते आहे, हे मला कळतं. तरी सुट्टीच्या त्या गजबजाटातही त्या रांगांसमोर लोकांचा आवाज थोडा उतरत होता.

मूर्ती घडवायची रीत कळली की बघायला आणखी मजा येते. आत सांगाडा असतो, तोही भंगाराचा. सायकलचा चिमटा जनावरांचे पाय होतो, सांगाड्याची नळी धड होते, सीट उलटी लावली की डोकं. त्यावर वाळू-सिमेंटचा गिलावा. तो ओला असतानाच वरचा पोशाख चढवायचा: बशीचे तुकडे, कोळशाची जळकी खंगर, काचा, बांगड्या. काही डोक्यांवर तर न्हाव्याच्या दुकानातले केस आहेत. सिमेंट वाळायच्या आत तुकडा कुठे बसणार हे ठरवायचं म्हणजे आधी ढीग तोंडपाठ हवा. नेकचंद वर्षानुवर्षं नुसतं निवडत आणि लावत बसले होते, त्याचं कारण तिथे समजतं. पानिपतच्या शेडमध्येही निवडणंच चालतं, रंगावरून. इथे निवडताना रंग, जाडी, बाक, कोणता काठ बोट कापेल आणि कोणता नाही, एवढं सगळं हाताला माहीत झालेलं.

बांगड्यांच्या बायकांपाशी मी सगळ्यांत जास्त रेंगाळले. गळ्यापासून पायांपर्यंत काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हिरवे, लाल, सोनेरी वेलबुट्टीचे, एकमेकांना चिकटून उभे. ऊन पडलं की सगळा घोळका चमकतो. बांगडी काही कारणाशिवाय फुटत नाही. काम करताना पिचते, बाजारातून आणताना तडकते, भांडणात फुटते, आणि कधी नवरा गेला म्हणून फोडली जाते. यातला कोणता तुकडा कुठल्या घरातून आला हे कोणीही सांगू शकणार नाही, पण बांगडी घातलेल्या कोणत्याही बाईला त्यातली एखादी आपली वाटू शकते. तेवढ्यात एक नवं जोडपं आलं. नवरीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत लाल-पांढरा चूडा. ती त्या मूर्तींना पाठ करून उभी राहिली, दोन्ही हात पुढे धरले आणि नवऱ्यानं फोटो काढला. मागच्या बायकांच्या अंगावरच्या तुकड्यांतही काही लाल होते.

दिल्लीत सराय काले खांजवळ 2019 साली एक भंगाराचं उद्यान झालंय. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती, 150 टन भंगारातून. निघायच्या आधी तेही बघून घेतलं होतं. काम चोख आहे, वेल्डिंग नजर लागेल असं आहे, आणि संध्याकाळी दिवे लागले की गर्दी लोटते. आता आपल्याकडेही नगरपालिका चौकाचौकात नटबोल्टचे घोडे आणि चेन-स्प्रॉकेटचे गरुड बसवायला लागल्या आहेत. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' शिकलेली आमची पिढी त्यांचं कौतुक करते. पण त्या उद्यानात लोखंडाला ताजमहाल व्हायचं असतं, पिसाचा मनोरा व्हायचं असतं. आधी कुठला तरी मोठा आकार ठरतो आणि भंगारानं त्याची नक्कल करायची. नेकचंदच्या बागेतल्या बशीला कोणी व्हायचं नाहीये. ती मोराच्या पाठीवर बसूनही बशीच राहते, काठावरच्या निळ्या रेघेसकट.

कापडाच्या बाहुल्यांचं दालन तिसऱ्या भागात आहे, ते नेकचंद गेल्यानंतर उघडलं. तिसरा भाग मोठा, मोकळा, कमानींचा. कमानीकमानीतून झोके टांगलेत, वर सिमेंटचे उंट-घोडे उभे आहेत, आणि झोक्यांवर पोरांपेक्षा आज्याच जास्त दिसतात. वेडेवाकडे आरसे आहेत, मत्स्यालय आहे. या जत्रेतून वाट काढत बाहुल्यांकडे येणारे लोक कमी, आणि आलेले लवकर बाहेर पडतात.

मला तिथून हलावंसं वाटलं नाही. आत लोखंडी सळयांचा सांगाडा, त्यावर चिंध्या गुंडाळून, दाबून, शिवून भरलेलं अंग आणि वर शिंप्यांच्या कातरणाचे कपडे. खेड्यातली माणसं, खेड्यातल्या बायका. सिमेंटच्या मूर्ती सगळ्या ताठ उभ्या असतात. कापडाला तसं ताठ राहणं जमत नाही. कोणाचा खांदा उतरलाय, कोणाची मान कललीय, कोणाच्या पोटावर टाका ताणला गेलाय. त्यामुळे प्रत्येकीला स्वभाव आलाय. पंजाबात मुली आईच्या हाताखाली चिंध्यांच्या गुड्ड्या-पटोले करायला शिकत. घरातले उरलेले तुकडे, काळ्या दोऱ्याचे डोळे, सुताच्या वेण्या. खेळणं म्हणून करायचं आणि हाताला शिवण लागायची. सरकारी रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या एका बाप्यानं तोच खेळ मोठ्या मापात मांडला. बाग सरकारजमा झाल्यावर त्यांनी शहरात फुटकी भांडी आणि चिंध्या गोळा करायची केंद्रंच उघडली होती. म्हणजे इथल्या एखाद्या घागऱ्याचं कापड चंदीगडच्या कुठल्यातरी सेक्टरात कोणीतरी खरोखर अंगात घातलेलं असणार.

माझ्या आजोळी दारावर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका येत. जुनं लुगडं, धोतर, परकर, सगळं त्यांच्यापुढे ओतायचं. गोधडी तयार झाली की थंडीत तिच्यावर लोळत आम्ही पोरं ओळखायचो: हा आजोबांच्या कोपरीचा तुकडा, हा मावशीच्या लग्नातल्या साडीचा. उबेचं काम कांबळंही करतं, गोधडीही करते. पण गोधडीत घर वाचता येतं. या बाहुल्यांची जात तीच आहे. एका बाईच्या ओढणीवर नायलॉनची फुलं होती, सत्तरच्या दशकात आमच्याकडे प्रत्येक घरात असायची तशी. शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी आपल्या मुलीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाल्या, 'ऐसा सूट था मेरा.' मुलीनं सुटाकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग दोघी पुढच्या बाहुलीवरही आणखी काय ओळखीचं सापडतंय ते शोधायला लागल्या.

सिमेंट टिकावं म्हणून वापरतात. कापड टिकणार नाही हे नेकचंदना माहीत असणारच. ऊन, दमट हवा, कसर, उंदीर. तरी त्यांनी ते हाताळलं. दगड वेचणाऱ्या, पिंपं ओतणाऱ्या, टायर जाळून रात्रपाळी करणाऱ्या या माणसाकडे बघताना आपण हट्ट, चिकाटी, बंड असे शब्द वापरतो. बाहुल्यांसमोर ते शब्द तोकडे पडले. तिथे मला दिसला तो मायाळूपणा, घर सुटलेल्या माणसाचा. हातात आलेलं काहीही आता फेकवत नाही, असा.

दुसऱ्या दिवशी सेक्टर दहाच्या सरकारी संग्रहालयात गेले, तेव्हा हे आणखी स्पष्ट झालं. 1948 च्या एप्रिलमध्ये लाहोरच्या संग्रहालयाची वाटणी झाली: 60 टक्के पाकिस्तानला, 40 टक्के भारताला. त्या 40 टक्क्यांतली गांधार शैलीची शिल्पं इथे आहेत. करड्या दगडातले बुद्ध, बोधिसत्त्व, कुरळ्या केसांचे देखणे चेहरे. म्हणजे शहराच्या अधिकृत संग्रहालयातल्या मूर्तीसुद्धा निर्वासितच. फरक एवढाच, की यांची यादी झाली, वाटणीच्या कागदावर सह्या झाल्या, इमारत कॉर्ब्युझिएची मिळाली. सेक्टर एकमधल्या मंडळींना यापैकी काही मिळालं नाही. ती आली आणि जागा धरून बसली.

ती जागा सुटावी म्हणून प्रयत्नही झाले. 1990 मध्ये बागेचा भाग पाडून रस्ता काढायला बुलडोझर आले, तेव्हा चंदीगडच्या लोकांनी हातात हात घालून साखळी केली आणि ते परत पाठवले. 1996 मध्ये नेकचंद परदेशात व्याख्यानांना गेलेले असताना बागेत मोडतोड झाली. शेकडो तासांचं काम एका झटक्यात फुटलं. नंतर देशोदेशीचे स्वयंसेवक दुरुस्तीला येऊ लागले. आणि 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाकडचा रस्ता रुंद करायला आणि गाड्या लावायला जागा हवी म्हणून बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. लोक जमले, फलक धरले, पण भिंत गेली ती गेली. यातला अन्याय मला वेगळाच दिसला. ज्या जागतिक वारशाच्या इमारतींसाठी ही जागा लागते आहे, त्या इमारतींचा एक कोपरा कोणी असा उतरवू शकेल का? विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालयाच्या त्या कॅपिटॉल संकुलाला 2016 पासून युनेस्कोचं संरक्षण आहे. बागेला बघायला येणाऱ्यांचं आहे, दिवसाला हजारोंचं.

ते संरक्षण किती पक्कं आहे याचा अंदाज मला झोक्यांवर आला. पाय दुखायला लागले म्हणून एका रिकाम्या झोक्यावर बसले होते. शेजारच्या झोक्यावर पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई होत्या, मांडीवर डबा, डब्यात आलूचे पराठे. एक मला दिला, नको म्हणायची सोय नव्हती. बोलता बोलता कळलं, त्या चंदीगडच्याच, आणि 1990 ला कॉलेजात असताना त्या साखळीत उभ्या होत्या. घरी न सांगता. डाव्या हाताला मैत्रीण, उजव्या हाताला एक अनोळखी सरदारजी, ज्यांनी मधेच हात सोडून सगळ्यांना शेंगदाणे वाटले होते. 2025 च्या भिंतीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी तोंड कडू केलं. 'इस बार देर हो गई. हमें पता चला तब तक तोड़ दी थी.'

'आणि पुन्हा आले तर?' मी विचारलं.

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं, झोक्यावरून उतरताना गुडघ्यावर हात टेकला आणि म्हणाल्या, 'तो फिर खड़े होंगे. अब घुटने साथ नहीं देते, तो घर से कुर्सी ले आएँगे. कुर्सी पे बैठी औरत को हटाना ज़्यादा मुश्किल होता है, जी.'